माग दाखवता आला पाहिजे

ऑडिट येणार म्हटलं की आपल्या सरकारी कार्यालयांत ठरलेली धावपळ सुरू होते. कपाटातल्या फाइली टेबलावर येतात, टिपण्यांना पृष्ठक्रमांक पडतात, अर्धवट राहिलेल्या नोंदवह्या एका बैठकीत पूर्ण होतात आणि मुरलेला एखादा हेडक्लार्क नव्यांना बजावतो, "मागतील तेवढंच द्यायचं." ही शिकवण महालेखापालांच्या ऑडिटमधून आलेली आहे. तिथे प्रश्न पैशाचा असतो. पॅरा निघतो, खुलासा जातो, त्यावर पुन्हा विचारणा होते आणि काही वर्षांनी पॅरा वगळला गेला की सगळे मोकळे होतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, म्हणजे आयएमओच्या ऑडिटला याच तयारीने सामोरं गेलं तर पहिल्याच दिवशी पंचाईत होते. हे पथक पैशाबद्दल अवाक्षर काढत नाही. ते विचारतं, "हे काम तुमच्याकडे कुणी सोपवलं? ते झालं हे तुम्हाला कसं कळतं? नाही झालं तर कोणाला कळतं?"

हा लेख सागरी प्रशासनातल्या त्या अधिकाऱ्यांसाठी आहे, ज्यांच्यावर सहकाऱ्यांना या ऑडिटसाठी तयार करण्याची जबाबदारी येते. बहुधा ती अचानक येते, आणि बहुधा सोबत एक जुनं पॉवरपॉइंट येतं. ते पॉवरपॉइंट बाजूला ठेवा.

पार्श्वभूमी थोडक्यात. आयएमओचे सदस्य देश पावणेदोनशेच्या घरात आहेत. सोलास, मार्पोल, एसटीसीडब्ल्यू, लोडलाइन, टनेज आणि कोलरेग हे मुख्य करार यातल्या बहुतेकांनी स्वीकारले आहेत. पण त्यांची अंमलबजावणी ज्या त्या देशाच्या हाती आहे. आयएमओ स्वतः कोणाचं जहाज अडवू शकत नाही. सह्या सगळ्यांनी केल्या, पाळतं कोण हे पाहायचं कसं, यातून २००६ पासून ऐच्छिक ऑडिट सुरू झालं. २०१३ च्या डिसेंबरात लंडनच्या महासभेने ट्रिपल आय कोड, म्हणजे आयएमओच्या करारांच्या अंमलबजावणीची संहिता, मंजूर केला आणि १ जानेवारी २०१६ पासून त्या कोडच्या आधारे ऑडिट बंधनकारक झालं. सात वर्षांच्या चक्रात प्रत्येक देशाची पाळी लागते. पथकात साधारण तीन जण असतात आणि आठवडा-दहा दिवस त्यांचं काम चालतं. ते आयएमओचे नोकर नसतात. तुम्ही इथे जे काम करता तेच आपापल्या देशात करणारे हे अधिकारी असतात. त्यामुळे त्यांच्यापुढे थापा चालत नाहीत. कोणत्या कामात चालढकल होते, कोणता रकाना नेहमी रिकामा राहतो, हे त्यांना स्वतःच्या कचेरीतून ठाऊक असतं.

आता पहिली गोष्ट. प्रशिक्षणाला कोणाला बोलवायचं, इथेच निम्मं गणित चुकतं. ऑडिट देशाचं असतं, एका कार्यालयाचं नव्हे. आपला झेंडा लावलेल्या जहाजांचं राष्ट्र, परकी जहाजं जिथे येतात त्या बंदराचं राष्ट्र आणि ज्याच्या किनाऱ्यासमोरून जहाजं जातात ते राष्ट्र, अशा तिन्ही नात्यांनी तुम्हाला तपासलं जातं. भारतापुरतं बोलायचं तर कांजूरमार्गचं कार्यालय, ज्याला सगळे डीजी शिपिंग म्हणतात, आणि त्याच्या हाताखालची एमएमडी, म्हणजे मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटची कार्यालयं हा या पसाऱ्याचा एक भाग झाला. सोलासच्या पाचव्या प्रकरणातल्या जबाबदाऱ्या पाहा. सागरी नकाशे आणि इशारे देहरादूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाकडे आहेत, दीपगृहं नोएडाच्या दीपगृह महासंचालनालयाकडे, हवामानाची माहिती हवामान खात्याकडे, समुद्रातला शोध आणि बचाव तटरक्षक दलाकडे. मार्पोलनुसार जहाजावरचा तेलकट गाळ आणि कचरा उतरवून घेण्याची सोय बंदरांकडे. छोट्या बंदरांपुरता महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड आणि गोव्याचा कॅप्टन ऑफ पोर्ट्स विभागही यात येतो.

यातल्या अनेकांना आपलं ऑडिट होणार आहे हेच माहीत नसतं. पत्र येतं, ते आवक नोंदवहीत चढतं, 'संबंधितांस माहितीसाठी' असा शेरा पडतो आणि विषय तिथेच बसतो. म्हणून माझा आग्रह असा, की वर्गातल्या निम्म्या खुर्च्या जहाज खात्याबाहेरच्या लोकांसाठी ठेवाव्यात. वरिष्ठ येऊन उद्घाटन करून गेले तर जाऊ द्या. नोंद प्रत्यक्ष लिहिणारा माणूस मात्र दिवस संपेपर्यंत बसला पाहिजे.

दुसरं काम विवरणपत्राचं. करारातलं प्रत्येक बंधन एका ओळीत घ्यायचं आणि पुढे रकाने पाडायचे: आपल्या कोणत्या कायद्यात किंवा नियमात ते उतरलं, कोणत्या कार्यालयाकडे आहे, त्या कार्यालयातल्या कोणत्या पदाकडे, काम झाल्यावर कोणता कागद तयार होतो आणि तो कागद पुढे कोण तपासतं. हे विवरणपत्र सल्लागाराकडून करून घ्यायची पद्धत पडली आहे. फार सुबक होतं ते, पण कोणालाच उमजत नाही. ज्या टेबलावर काम चालतं त्या टेबलावरच्या माणसाने आपली ओळ स्वतः भरली पाहिजे, मग अक्षर कसंही असो. आणि रिकाम्या रकान्यात काहीतरी कोंबू देऊ नका. रिकामा रकाना हीच या कसरतीतली कमाई आहे.

भारतात सध्या या कामाला आणखी एक कारण आहे. १९५८ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टची जागा घेणारा नवा कायदा संसदेने २०२५ मध्ये मंजूर केला. जुन्या कलमांचे आकडे नियमांत, परिपत्रकांत, प्रमाणपत्रांच्या नमुन्यांत, अगदी रबरी शिक्क्यांतसुद्धा बसलेले असतात. 'अमुक कलमान्वये' असं पाठ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला ऑडिटरने "कोणत्या कायद्याचं?" असं विचारलं तर उत्तर तयार हवं.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तारखांचा सराव सांगतो, कारण जगभरच्या ऑडिटमध्ये वारंवार निघणाऱ्या त्रुटींपैकी ही एक आहे. सोलास आणि मार्पोलमधल्या बहुतेक दुरुस्त्या मूक संमतीने लागू होतात. ठरावीक मुदतीत पुरेशा देशांनी हरकत घेतली नाही, की ठरलेल्या दिवशी दुरुस्ती सगळ्यांना बांधते. तुमच्या राजपत्रात ती आली की नाही याची ती वाट पाहत नाही. वर्गात एक प्रत्यक्ष दुरुस्ती घ्या. मार्पोलच्या पाचव्या परिशिष्टानुसार कचरा नोंदवही पूर्वी ४०० टन आणि त्यावरच्या जहाजांना लागत होती. १ मे २०२४ पासून ती मर्यादा १०० टनांवर आली. ही दुरुस्ती मंजूर झाली होती २०२२ च्या डिसेंबरात. म्हणजे मधे सव्वा वर्षाहून जास्त वेळ होता. आता गटांना सांगा, या काळाची रेघ ओढा. दुरुस्ती आपल्या कार्यालयात कोणत्या दिवशी पोचली? ती वाचून आपल्याला लागू आहे असं कोणी ठरवलं? विधी विभागाकडे कधी गेली, किती दिवस राहिली? जहाजमालकांना कसं कळवलं? सर्व्हेअरच्या तपासणी यादीत ती ओळ कधी वाढली? बहुधा शेवटच्या प्रश्नाशी गट अडखळतात. परिपत्रक वेळेवर निघालेलं असतं, पण जहाजावर जाणाऱ्याच्या हातातली यादी जुनीच असते.

यानंतरचा सराव मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्याला पूर्ण सकाळ द्या. समजा, भर पावसाळ्यात मुंबई बंदराच्या प्रवेशमार्गावरचा एक बोया जागेवरून सरकला आहे. पहाटे आत येणाऱ्या जहाजावरच्या पायलटच्या ते लक्षात आलं आणि त्याने व्हीएचएफवरून बंदराच्या नियंत्रण कक्षाला कळवलं. बस, एवढीच गोष्ट सांगायची. खोलीत बंदराचा, दीपगृह खात्याचा, जलसर्वेक्षणाचा, तटरक्षक दलाचा आणि डीजी शिपिंगचा माणूस असला पाहिजे, आणि प्रत्येकापुढे त्याच्या कार्यालयात वापरतात तशीच कोरी नोंदवही. मग फिरवून फिरवून चारच प्रश्न विचारत राहायचं. कधी कळलं? कोणाकडून? कुठे लिहिलं? पुढे कोणाला सांगितलं?

सुरुवातीला सगळे आत्मविश्वासाने बोलतात. "आम्ही लगेच कळवतो," बंदराचा माणूस म्हणतो. कोणाला? "दीपगृहवाल्यांना." कसं? आणि इथे हमखास उत्तर येतं, "व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो." खोलीत हशा पिकतो, कारण तो ग्रुप सगळ्यांनाच माहीत असतो. व्हॉट्सॲपला नाक मुरडू नका, निरोप खरोखर त्यानेच लवकर पोचतो. पण तो निरोप एका माणसाच्या खाजगी फोनमध्ये असतो, माणसाची बदली होते, फोन बदलतो, आणि आठ महिन्यांनी ऑडिटर विचारतो तेव्हा दाखवायला काही उरत नाही. म्हणून निरोप कसाही द्या, वेळ आणि नाव घालून नोंदवहीत एक ओळ त्याच पाळीत पडली पाहिजे.

पुढचा टप्पा इशाऱ्याचा. हा इशारा बंदरापुरता द्यायचा, किनारी इशारा म्हणून नॅव्हटेक्सवर जायचा, की त्याहून मोठ्या क्षेत्राला द्यायचा? हिंदी महासागराच्या नॅव्हएरिया आठचं समन्वयन भारताकडे, देहरादूनच्या कार्यालयाकडे आहे. पण कोणता इशारा कोणत्या पातळीचा हे रात्री दोन वाजता ठरवणारा माणूस कोण, आणि त्याला तो अधिकार कोणत्या कागदाने दिला? इथे दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवू लागली की सराव यशस्वी होतोय असं समजा. शेवटी, सगळे दमले की, हळूच एक प्रश्न टाकायचा: बोया जागेवर आल्यावर इशारा मागे कोणी घेतला? हे लोक विसरतात. सरकलेला बोया पुन्हा जागी बसलेला असतो आणि कागदावरचा इशारा मात्र तसाच चालू राहतो.

किनारी राष्ट्राच्या जबाबदाऱ्यांवर बोलताना मुंबईकर अधिकाऱ्यांना उदाहरणं परक्या देशातून आणायची गरज नाही. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलीजिया' यांची टक्कर झाली, तेल सांडलं, कंटेनर वाहतुकीच्या मार्गात तरंगत राहिले आणि मुंबई व जेएनपीटीची ये-जा काही दिवस थांबवावी लागली. पुढच्याच पावसाळ्यात, ३१ जुलै २०११ ला, खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेला 'पवित' हा टँकर वाहत वाहत थेट जुहूच्या वाळूवर आला. किनाऱ्याला लागेपर्यंत त्याचा पत्ता नव्हता. तो कसा आला हे त्या वेळी वर्तमानपत्रांनी चघळून झालं आहे. प्रशिक्षणात विचारायचा प्रश्न वेगळा आहे: त्यानंतर कोणती कार्यपद्धती बदलली, ती कोणत्या कागदावर आहे आणि आज नियंत्रण कक्षात पाळीवर बसलेल्या मुलाला ती माहीत आहे का? ऑडिटर जुन्या अपघाताबद्दल दोष देत नाही. त्यातून यंत्रणा काय शिकली याचा माग तो मागतो.

२५ मे २०२५ ला केरळच्या किनाऱ्यासमोर 'एमएससी एल्सा ३' हे कंटेनर जहाज बुडालं, तेही इथे उपयोगी पडेल. समुद्रात पडलेल्या कंटेनरची खबर जवळच्या जहाजांना, किनारी राष्ट्राला आणि ध्वजराष्ट्राला देणं १ जानेवारी २०२६ पासून सोलासने कप्तानावर बंधनकारक केलं आहे. तशी खबर आपल्याकडे आली तर ती कोणाच्या टेबलावर पडेल? आणि कंटेनर आपल्या झेंड्याच्या जहाजावरून पडले तर आयएमओला कोण कळवेल? दोन वेगळे प्रश्न आहेत, उत्तरं बहुधा दोन वेगळ्या मजल्यांवर सापडतात.

आयएमओला कळवणं हाही एक नेहमीचा कच्चा दुवा आहे. एखाद्या जहाजाला सवलत दिली, नियमातल्या उपकरणाऐवजी त्याच तोडीचं दुसरं मान्य केलं, बंदरातल्या कचरा स्वीकारण्याच्या सोयी बदलल्या, अपघाताची चौकशी पूर्ण झाली, की ते आयएमओच्या जिसिस या संगणक प्रणालीवर चढवावं लागतं. काम दहा मिनिटांचं असतं. पण लॉगिन ज्याच्या नावाने काढलं तो अधिकारी निवृत्त झालेला असतो. प्रशिक्षणाच्या दिवशी प्रत्येक संबंधित कार्यालयाला तिथल्या तिथे लॉगिन करून दाखवायला सांगा. भाषणापेक्षा उपयोगी पडतं.

क्लासबद्दल, म्हणजे जहाजांचं वर्गीकरण करणाऱ्या संस्थांबद्दल, जरा सविस्तर बोललं पाहिजे. आपल्या झेंड्याच्या जहाजांची बरीचशी तपासणी आणि प्रमाणपत्रं पवईच्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या मान्यताप्राप्त संस्था सरकारच्या वतीने करतात. काम सोपवता येतं, जबाबदारी सोपवता येत नाही. म्हणून ऑडिटर विचारतो, "ही संस्था काम नीट करते हे तुम्हाला कसं कळतं?" "नावाजलेली संस्था आहे" हे उत्तर नाही. त्यांच्याशी केलेला करार, त्यात नेमकी कोणती कामं दिली त्याची यादी, वर्षभरात तुम्ही त्यांच्यावर केलेली देखरेख, त्यांनी प्रमाणपत्र दिलेलं जहाज परदेशी बंदरात अडकलं तर तुम्ही त्यांना काय विचारलं आणि त्यांनी काय उत्तर दिलं, हे दाखवावं लागतं. इथे एक अडचण खरीच आहे. क्लासकडे माणसं जास्त असतात, अनुभव जास्त असतो, आणि सरकारी सर्व्हेअरला त्यांच्यावर बोट ठेवायला संकोच वाटतो. तो संकोच घालवायचा तर सर्व्हेअरला क्लासच्या माणसाबरोबर जहाजावर पाठवा आणि परतल्यावर स्वतंत्र अहवाल लिहायला लावा.

बंदर राष्ट्राच्या बाजूने आपली माणसं सरावलेली असतात. पोर्ट स्टेट कंट्रोल रोजचं काम आहे. त्यासाठीच्या हिंदी महासागराच्या समझोत्याचं सचिवालय गोव्यात वास्कोला आहे, तपासण्यांची माहिती तिथे जमते. इथे प्रशिक्षणाचा वेळ वाचवा. तपासणी करणाऱ्याचा व्यापारी हितसंबंध नाही ना आणि त्याच्याकडे ओळखपत्र आहे ना, एवढं पाहून पुढे जा. अपघात चौकशीला मात्र तोच वेळ द्या: ज्या सर्व्हेअरने जहाज तपासलं होतं त्यालाच चौकशीला नेमण्याची चूक छोट्या कार्यालयांत सहज होते, कारण तज्ज्ञ तेवढाच एक असतो.

मुलाखतीची रंगीत तालीम घ्याच. कामात तरबेज असलेली माणसं ऑडिटरपुढे विचित्र वागतात. काही जण गप्प बसतात, काही जण न विचारलेलं सांगत सुटतात. काही जण वरिष्ठांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देतात, आणि हे ऑडिटरला लगेच दिसतं. म्हणून तालमीत साहेबांना खोलीबाहेर ठेवा. शिकवायचं एवढंच: विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, तेही खरं, माहीत नसेल तर "हे माझ्याकडे नाही, अमुक यांच्याकडे आहे", आणि कागद दाखवायचा असेल तर तो उघडून त्या पानावर बोट ठेवायचं. उणीव आधीच ठाऊक असेल आणि ती भरून काढायचं काम सुरू असेल तर तेही सांगायचं. आपणच शोधलेली उणीव दाखवणाऱ्या कार्यालयाकडे ऑडिटर वेगळ्या नजरेने पाहतो. रातोरात भरलेली नोंदवही त्याला एका शाईवरूनच कळते.

अहवालात दोन प्रकारचे शेरे येतात. बंधन पाळलं गेलं नाही असा पुरावा सापडला तर फाइंडिंग, आणि काम ढासळू शकतं असं दिसलं तर ऑब्झर्व्हेशन. सुधारणेचा आराखडा ९० दिवसांत द्यावा लागतो. आराखड्यात मूळ कारण लिहायचं असतं, आणि तिथे शंभरांतले नव्वद जण एकच वाक्य लिहितात: 'मनुष्यबळाची कमतरता.' ते खरंही असतं, पण त्याने काही सुटत नाही. वर्गात त्या वाक्यावर बंदी घाला. पदं रिक्त होती तर कोणती कामं आधी करायची हे कोणी ठरवलं होतं? ठरवलं नसेल तर ते ठरवण्याची पद्धत का नव्हती? असं खाली खाली गेलं की बहुधा एखादी साधी गोष्ट हाती लागते. कामाचं वार्षिक नियोजन कोणाच्याच जबाबदारीत लिहिलेलं नसतं, किंवा अनेक कार्यालयांना एकत्र बसवणारी समिती कागदावर असते पण तिची बैठक बोलवायची कोणी हे ठरलेलं नसतं.

बदल्यांचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. शिकवलेला माणूस वर्षभरात दुसऱ्या बंदरात जातो. बदल्या आपल्या हातात नाहीत, चार्ज देण्याची पद्धत आहे. चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या आणि डेडस्टॉकची यादी जशी सही घेऊन देतात, तशी विवरणपत्रातली आपल्या नावासमोरची ओळ आणि चालू कामांची अवस्थाही सही घेऊन द्यावी.

शेवटची सूचना खर्चाची आहे, म्हणून वरिष्ठांच्या गळी उतरवायला वेळ लागेल. आयएमओच्या ऑडिटरांच्या यादीसाठी सदस्य देश आपली माणसं सुचवतात आणि त्यांच्यासाठी आयएमओ प्रादेशिक प्रशिक्षण वर्ग घेते. तुमच्यातले दोन-तीन चांगले अधिकारी तिकडे पाठवा, आणि त्यात एक तरी किनाऱ्याच्या बाजूचा असू द्या. नेहमी पाठवला जाणारा अधिकारी जहाज खात्याचाच असतो. दुसऱ्या देशाच्या कचेरीत बसून तिथल्या कारकुनाला "हे तुम्हाला कोणी कळवलं?" असं विचारून आलेला माणूस परत आल्यावर आपल्याच नोंदवह्या उघडून बसतो. त्याला पुढच्या प्रशिक्षणाची सकाळ सोपवा, आणि बोयाचं उदाहरण बदलायला सांगा. तोपर्यंत जुन्याची उत्तरं सगळ्यांना पाठ झालेली असतील.